स्वतःच्याच नावाची नक्कल : डिस्ट्रिब्युटरने ट्रेडमार्क आपल्या नावावर करून घेतला त्याची गोष्ट

पार्श्वभूमी

कंपनी मध्यम आकाराची, सायकलचे दिवे बनवणारी. नाव, देश, माणसं यातलं काहीच इथे देत नाही आणि ओळख पटेल असे एकदोन तपशील मुद्दाम फिरवलेत. मी कंपनीच्या बाजूने ट्रेडमार्कचे कागद सांभाळत होते, म्हणजे सगळं बिघडल्यावर सांभाळायला आले, त्याआधी ते कुणीच सांभाळत नव्हतं.

ब्रँडचं नाव हा बनवलेला शब्द होता, त्याला कुठल्याच भाषेत अर्थ नाही. असं नाव ट्रेडमार्क म्हणून सगळ्यात दणकट. नावातच 'प्रकाश' किंवा 'सायकल' असं काही असतं तर रजिस्ट्रीने आधी विचारलं असतं की हे तर वस्तूचं वर्णन झालं, यावरून लोक तुम्हालाच ओळखतात हे दाखवा. तो त्रास इथे नव्हता, स्वतःच्या देशात रजिस्ट्रेशन विनातक्रार मिळालं होतं आणि सात वर्षं धंदा सुरळीत चालला होता.

पण ते रजिस्ट्रेशन फक्त क्लास ११ मध्ये होतं. जगातली बहुतेक ट्रेडमार्क ऑफिसं नीस वर्गीकरण वापरतात, त्यात एकूण ४५ क्लास, पहिले ३४ वस्तूंचे आणि पुढचे ११ सेवांचे. सायकलचा दिवा ११ मध्ये येतो, हवा भरायचा पंप आणि घंटी १२ मध्ये आणि हेल्मेट ९ मध्ये. सुरुवातीला कंपनी फक्त दिवे बनवायची म्हणून ११ भरला, पुढे पंप आले, हेल्मेट आली, पण नवीन क्लासचे अर्ज करायचं कुणाच्या डोक्यातच आलं नाही.

मग एका प्रदर्शनात परदेशातला एक डिस्ट्रिब्युटर भेटला. माणूस उत्साही, बाजार नीट माहीत असलेला, पहिल्याच वर्षी चांगला माल उचलला त्याने. करार दोन पानांचा: कुठला प्रदेश, किती माल, पैसे किती दिवसांत. ट्रेडमार्क हा शब्द त्या दोन पानांत एकदाही नाही.

अडचण कुठे झाली

तिसऱ्या वर्षी कंपनीने ठरवलं की त्या देशात आणखी एक डिस्ट्रिब्युटर नेमायचा. करारात एकच डिस्ट्रिब्युटर ठेवायची अट होती पण ती दोन वर्षांपुरती, म्हणजे कंपनी नियमात होती. जुन्याला कळवलं, तो फोनवर थोडा चिडला आणि मग गप्प बसला. नव्या डिस्ट्रिब्युटरचा पहिला कंटेनर बंदरावर पोचला आणि कस्टम्सने अडवला. कारण काय, तर नकली माल.

पहिले दोन दिवस सगळ्यांना वाटलं कागदपत्रांत काहीतरी घोळ झालाय. मग नोटीस आली. ब्रँडचं नाव त्या देशात क्लास ११ आणि १२ मध्ये दुसऱ्याच कुणाच्या नावावर रजिस्टर होतं, मालकाने ते कस्टम्सकडे नोंदवलेलं होतं आणि आमचा कंटेनर त्याच्या हक्काचं उल्लंघन करत होता. ज्यांनी नाव शोधलं, ज्यांच्या कारखान्यात माल बनला, तेच नकली ठरले!

ऐकायला वेडेपणा वाटतो पण कायद्याच्या भाषेत तो वेडेपणा नाही. १९९५ पासून लागू असलेल्या ट्रिप्स करारात, म्हणजे जागतिक व्यापार संघटनेच्या बौद्धिक संपदेच्या करारात, नकली मालाची जी व्याख्या आहे ती साधारण अशी, की तिथे वैधपणे रजिस्टर असलेला ट्रेडमार्क परवानगीशिवाय लावलेला माल, ज्याने आयात करणाऱ्या देशाच्या कायद्याप्रमाणे मालकाचा हक्क मोडतो. कारखाना कुणाचा, नाव पहिल्यांदा कुणाला सुचलं, असं त्या व्याख्येत काही नाही. ट्रेडमार्कचा हक्क देशापुरता असतो. काही देशांत आधी वापरणाऱ्याला वजन असतं, बऱ्याच देशांत आधी अर्ज करणाऱ्याला, आणि हा देश दुसऱ्या प्रकारचा होता. आपल्या देशातलं सर्टिफिकेट तिथे दाखवलं तर ते पुरावा म्हणून कामाला येतं, हक्क म्हणून नाही.

रजिस्टर काढून बघितलं तर आणखी दोन गोष्टी निघाल्या. एक, मालक म्हणून डिस्ट्रिब्युटरचं नावच नव्हतं, त्याच्या भावाची एक वेगळी कंपनी होती. दोन, रोमन लिपीतल्या नावासोबत त्याच नावाचं तिथल्या लिपीतलं रूपही रजिस्टर केलेलं होतं, आणि ते रूप आमच्या कंपनीने कधी वापरलंच नव्हतं. ते डिस्ट्रिब्युटरनेच आपल्या जाहिरातींसाठी तयार केलं होतं आणि तिथलं गिऱ्हाईक दुकानात त्याच नावाने दिवा मागायचं.

ती एक ओळ

मी सगळ्या जुन्या मेल मागवल्या, दीडेक हजार असतील. दोन रात्री वाचत होते. पहिल्या वर्षीच्या एका मेलमध्ये डिस्ट्रिब्युटरने खोक्यांच्या मापाबद्दल लिहिलं होतं, एका खोक्यात किती नग, पॅलेटवर किती खोकी, आणि सगळ्यात खाली एक ओळ: 'इथे तुमचं नाव रजिस्टर करून ठेवायला हवं, तुम्ही करताय की आम्ही करू?'

कंपनीकडून दुसऱ्याच दिवशी उत्तर गेलं होतं, खोक्यांबद्दल, अगदी सविस्तर, आणि शेवटच्या ओळीबद्दल एक अक्षर नाही.

ते उत्तर लिहिणारा पोरगा अजून कंपनीत आहे, शिपिंग बघतो, त्याला विचारलं तर म्हणाला, मॅडम तो प्रश्न माझ्या खात्याचा नव्हता म्हणून सोडला. त्याचं चुकलं असं मला आजही म्हणवत नाही, कारण तो प्रश्न कंपनीतल्या कुणाच्याच खात्याचा नव्हता.

त्या मेलनंतर चार महिन्यांनी भावाच्या कंपनीने अर्ज केला होता.

कोणते पर्याय होते

मीटिंगला आमच्या कंपनीचे मालक, अकाउंट्सवाले, तिथला स्थानिक वकील फोनवर आणि मी. मालकांचं पहिलं वाक्य, 'कोर्टात जाऊ, एक पैसा देणार नाही.' त्यांचा राग समजण्यासारखा होता, पण कंटेनर बंदरात होता आणि तिथलं भाडं दिवसाच्या हिशोबाने चढत होतं.

आधी कंटेनरचंच बघितलं. कुणीतरी म्हणालं नाव खरवडून काढू, स्टिकर लावू आणि माल सोडवू. ट्रिप्समध्ये याचं उत्तर आहे आणि ते आपल्या सोयीचं नाही: नकली मालावरचा ट्रेडमार्क नुसता काढून टाकला म्हणून तो माल बाजारात सोडता येत नाही, अपवाद अगदी क्वचित. मग माल परत बोलवू? तेही नाही, नकली ठरलेला माल आहे तसा परत पाठवायलाही एरवी परवानगी नसते. राहता राहिली एक आशा, की रजिस्ट्रेशनवाल्याने मुदतीत कोर्टात दावाच टाकला नाही तर कस्टम्सला माल सोडावा लागेल. ती मुदत कामाचे १० दिवस, फार तर आणखी १० वाढवून मिळतात. त्याने सहाव्या दिवशी दावा टाकला, म्हणजे तयारी आधीपासूनच होती.

दुसरा पर्याय त्याचं रजिस्ट्रेशन रद्द करायचा. यासाठी पॅरिस कन्व्हेन्शनमध्ये, म्हणजे ट्रेडमार्क-पेटंटसारख्या हक्कांबद्दलच्या जुन्या आंतरराष्ट्रीय करारात, जवळजवळ आमच्यासाठीच लिहिल्यासारखं कलम आहे, ६ सेप्टीज, १९५८ च्या लिस्बन परिषदेत आलेलं. ट्रेडमार्कच्या मालकाच्या एजंटने किंवा प्रतिनिधीने मालकाच्या परवानगीशिवाय स्वतःच्या नावावर रजिस्ट्रेशन मागितलं तर मालक विरोध करू शकतो, ते रद्द करायला लावू शकतो, आणि त्या देशाचा कायदा तशी सोय देत असेल तर ते स्वतःच्या नावावर करून मागू शकतो. मालकांना हे वाचून दाखवलं तेव्हा त्यांचा चेहरा उजळला. पण त्याच कलमात एक शेपूट आहे, की एजंटने आपल्या कृतीचं समर्थन करून दाखवलं नाही तर. आणि समर्थन म्हणून त्याच्या हातात ती खोक्यांची मेल होती: आम्ही विचारलं, तुम्ही नाही म्हणाला नाहीत, म्हणून तुमचं नाव वाचवायला आम्ही केलं. त्यात रजिस्ट्रेशन भावाच्या कंपनीचं, म्हणजे आधी ती कंपनीही 'एजंट'च आहे, नुसता मुखवटा आहे, हे सिद्ध करणं आलं.

गप्प बसणं म्हणजे परवानगी नव्हे, हे आम्ही ठामपणे मांडणार होतो आणि मला वाटतं आम्ही जिंकलो असतो. स्थानिक वकिलाचं म्हणणं रोमन नावापुरतं जिंकाल. स्थानिक लिपीतल्या नावाचं काय सांगता येत नाही, कारण ते तुम्ही ना बनवलंय ना वापरलंय. लिपी बदलली की खटला कसा बदलतो याचं गाजलेलं उदाहरण बास्केटबॉलपटू मायकल जॉर्डनचं आहे. चीनमधल्या एका कंपनीविरुद्ध तो वर्षानुवर्षं लढला आणि २०१६ मध्ये तिथल्या सर्वोच्च न्यायालयाने चिनी अक्षरांतल्या नावापुरता त्याच्या बाजूने निकाल दिला, पण त्याच नावाच्या रोमन स्पेलिंगसाठी नाही दिला. तो वाद माणसाच्या स्वतःच्या नावाचा होता, आमचा ब्रँडचा, त्यामुळे तो जसाच्या तसा लागू होत नव्हता, पण एक लिपी जिंकली म्हणजे दुसरी आपोआप येत नाही एवढं मालकांना पटवायला पुरला.

तिसरा पर्याय, वापर नाही म्हणून रद्द करायला लावणं. बऱ्याच देशांत सलग ३ किंवा ५ वर्षं ट्रेडमार्क वापरला नाही तर तो काढता येतो. पण इथे तो रोज वापरात होता, आमच्याच मालावर. हा पर्याय दोन मिनिटांत संपला.

चौथा, त्या देशापुरतं नाव बदलणं. मोठमोठ्यांनी हे केलंय, ऑस्ट्रेलियात बर्गर किंग हे नाव आधीच दुसऱ्या कुणाकडे होतं म्हणून १९७१ पासून तिथे ते हंग्री जॅक्स म्हणून चालतंय. पण दोन वर्षांत तिथल्या दुकानदारांच्या तोंडी बसलेलं नाव त्याच्या पदरात टाकून आपण शून्यापासून सुरू करायचं, आणि तो उद्या दुसऱ्या कारखान्याचे दिवे त्या नावाने विकायला मोकळा. मी याच्या विरोधात होते आणि आजही आहे.

पाचवा, विकत घेणं. त्याने रक्कम सांगितली होती, ती ऐकून अकाउंट्सवाल्यांनी पाण्याचा ग्लास मागितला.

काय केलं

शेवटी एकच रस्ता असा धरला नाही. रद्द करण्याचा अर्ज टाकला आणि त्याच आठवड्यात वकिलामार्फत बोलणीही सुरू केली. यावरून बरीच वादावादी झाली. मालकांना वाटत होतं बोलणी म्हणजे कमकुवतपणा, माझं म्हणणं की नुसती बोलणी केली तर तो भाव वाढवणार आणि नुसता खटला केला तर सीझन जाणार, म्हणून दोन्ही. त्या ६ सेप्टीज कलमाखाली हक्क मागायला देश आपली मुदत ठरवू शकतात, त्यामुळे बोलणी करत करत मुदत घालवणंही परवडणारं नव्हतं.

त्याचबरोबर क्लास ९ मध्ये हेल्मेटसाठी अर्ज टाकला, कारण तेवढं एक घर त्याने मोकळं ठेवलं होतं. वेगळा क्लास म्हणजे वेगळी वस्तू असं धरून चालता येत नाही, सायकलचा दिवा आणि सायकलचं हेल्मेट एकाच दुकानात एकाच माणसाला विकलं जातं, तेव्हा तो विरोध करणार हे माहीत होतं. पण मागच्या तारखेचा अर्ज मिळत नाही, आजची तारीख मिळते, ती तरी घ्यावी.

माद्रिदमार्गे जायचं का यावर एक संध्याकाळ गेली. माद्रिद प्रोटोकॉल या आंतरराष्ट्रीय कराराखाली वायपोकडे, म्हणजे जागतिक बौद्धिक संपदा संघटनेकडे, एकच अर्ज करून बऱ्याच देशांत संरक्षण मागता येतं, सोयीचं आहे. पण तो अर्ज आपल्या देशातल्या मूळ अर्जावर किंवा रजिस्ट्रेशनवर उभा असतो, त्यात ज्या वस्तू आहेत त्यापेक्षा जास्त मागता येत नाहीत, आणि आमच्या मुळात फक्त दिवे. शिवाय पहिली ५ वर्षं मूळ पडलं तर वरचं सगळं त्या प्रमाणात पडतं. म्हणून या भांडणाच्या देशात थेट अर्ज केला, आणि बाकीच्या देशांसाठी आधी घरी ९ आणि १२ मध्ये अर्ज करून मग ६ महिन्यांच्या आत बाहेर गेलो, म्हणजे पॅरिस कन्व्हेन्शनप्रमाणे घरच्या अर्जाचीच तारीख बाहेरही मिळते.

पुरावे गोळा करताना एक लाजिरवाणी गोष्ट सापडली. आमच्या खोक्यांवर नावापुढे गोलातला आर छापलेला होता, सगळ्या देशांसाठी एकच खोकं. गोलातला आर म्हणजे रजिस्टर झालंय असा दावा, आणि जिथे रजिस्ट्रेशन नाही तिथे असा दावा करणं बऱ्याच देशांत गुन्हा आहे. समोरच्या वकिलाने पहिल्याच पत्रात ते पकडलं. खटल्याच्या दृष्टीने फार मोठं नव्हतं, पण बोलणीच्या टेबलावर आमची मान दोन इंच खाली गेली. छपाई त्याच दिवशी थांबवली.

निकाल

सुनावणीची वेळ येईपर्यंत दहा महिने गेले. मधल्या काळात नवा डिस्ट्रिब्युटर कंटाळून निघून गेला, तिथला पूर्ण सीझन बुडाला. पण आमचे पुरावे दाखल झाल्यावर समोरचा सूरही बदलला. विशेष करून एक कागद कामाला आला: भावाच्या कंपनीचा पत्ता आणि डिस्ट्रिब्युटरच्या गोदामाचा पत्ता एकच होता आणि अर्जावरची सही डिस्ट्रिब्युटरच्याच मॅनेजरची होती. मुखवटा असल्याचं यापेक्षा चांगलं काय दाखवणार?

तडजोड झाली. मूळ मागणीच्या निम्म्याहून कमी रक्कम, त्याच्याकडचा शिल्लक माल विकायला सहा महिने, आणि बदल्यात रोमन आणि स्थानिक दोन्ही लिपींतली रजिस्ट्रेशनं, त्याने घेतलेली वेबसाइटची नावं, सगळं कंपनीच्या नावावर. कंटेनर त्याच्या संमतीपत्रावर सुटला. स्थानिक लिपीतलं नाव आम्हाला कायद्याने मिळालं असतं की नाही कुणास ठाऊक, ते तडजोडीतच आलं, आणि माझ्या मते दिलेल्या पैशांतला मोठा भाग त्याचाच होता.

हस्तांतराचा मसुदा आला तेव्हा त्यावर सही करणारी पार्टी होती डिस्ट्रिब्युटर. आम्ही तो परत पाठवला. रजिस्टरवर भावाची कंपनी, मग सही तिचीच हवी. हे कागदी वाटतं, पण ॲपलसारख्या कंपनीला हीच ठेच लागली. आयपॅडचं नाव त्यांनी प्रोव्ह्यू नावाच्या समूहाच्या तैवानमधल्या कंपनीकडून घेतलं, चीनमधली रजिस्ट्रेशनं मात्र शेन्झेनच्या प्रोव्ह्यूच्या नावावर निघाली आणि २०१२ मध्ये ते प्रकरण मिटवायला ६ कोटी डॉलर मोजावे लागले.

सही बरोबर झाली तरी एक राहिलंच. रजिस्ट्रीत हस्तांतराची नोंद व्हायला काही महिने लागले आणि तोवर कस्टम्सच्या यादीत जुनंच नाव होतं, त्यामुळे पुढचा कंटेनरही दोन दिवस अडकला. संमतीपत्राची प्रत सोबत होती म्हणून दोनच दिवस.

वेगळं काय करता आलं असतं

प्रदर्शनाला जायच्या आधी अर्ज, हे उघड आहे, त्यावर फार लिहीत नाही. त्या देशातल्या तीन क्लासच्या अर्जाचा सगळा खर्च एकट्या कंटेनरच्या भाड्यापेक्षा कमी होता. वायपोचा ग्लोबल ब्रँड डेटाबेस फुकट आहे, दर तीन महिन्यांनी त्यात नाव टाकून बघितलं असतं तरी भावाचा अर्ज कदाचित वेळेत दिसला असता, आणि मंजूर व्हायच्या आधी विरोध करणं हे नंतर रद्द करण्यापेक्षा बहुतेक ठिकाणी सोपं आणि स्वस्त पडतं.

करारात काय हवं होतं यावर मी नंतर बराच विचार केला. नाव आमचं आहे, डिस्ट्रिब्युटर ते रजिस्टर करणार नाही, एवढं लिहून भागत नाही. त्याचे नातेवाईक, त्यांच्या कंपन्या, कुठल्याही लिपीतलं रूप, भाषांतर, टोपणनाव, वेबसाइटचं नाव, हे सगळं त्यात यायला हवं, आणि त्याच्या मेहनतीने तिथे नावाला जी किंमत येईल तीही आमची, असं स्पष्ट हवं. शेवटच्या मुद्द्यावर डिस्ट्रिब्युटर कुरकुर करतात, आणि खरं तर त्यांचंही थोडं बरोबर आहे, दोन वर्षं त्याने तिथे घाम गाळला होता. त्याला आम्ही सरळ चोर म्हणत होतो तेव्हाही मला ते पूर्ण पटत नव्हतं. दुसरा डिस्ट्रिब्युटर नेमायच्या आधी समोर बसून बोललो असतो तर त्याने कस्टम्सची कळ दाबली असती का? मालकांना हा प्रश्न अजून आवडत नाही.

माझ्या स्वतःच्या एका निर्णयाबद्दलही शंका आहे. मी तडजोड पाचव्या महिन्यातही करू शकले असते, तेव्हाची रक्कम शेवटच्या रकमेपेक्षा थोडीच जास्त होती. मी पुरावे दाखल होईपर्यंत थांबायला सांगितलं. पैसे वाचले, पण नवा डिस्ट्रिब्युटर त्याच मधल्या पाच महिन्यांत गेला.

आता कंपनीत ट्रेडमार्कसाठी एक वेगळा मेल आयडी आहे. शिपिंगवाला पोरगा नाव, लोगो, रजिस्टर यातला कुठलाही शब्द दिसला की मेल तिकडे ढकलतो, अगदी रजिस्टर्ड पोस्टची पावतीसुद्धा.